कागद आणि माणसं



गावात एखादा प्रश्न उभा राहिला की दोन-चार दिवसांत कोणीतरी कागद घेऊन दारात येतं. ‘ताई, इथं सही करा.’ आपण विचारतो, कशाची? ‘गावाच्या कामाची आहे.’ चुलीवर तवा तापलेला असतो, पोरगं रडत असतं, समोरचा माणूस ओळखीचा, बहुतेक वेळा भावकीतलाच. सही होऊन जाते. जिला लिहिता येत नाही तिचा अंगठा उमटतो. पुढं तो कागद कुठं गेला, त्यावर काय लिहिलं होतं, कोणी विचारत नाही. कधी कधी तर वरचा भाग कोराच असतो, आणि तो नंतर सवडीनं भरला जातो.

आज आम्ही भोंगवलीच्या आणि आसपासच्या वाड्यांमधल्या गटांच्या बायका या पाठिंब्याबद्दलच बोलणार आहोत. डोंगर पोखरणारी खाण असो, ओढ्यात सोडलेलं घाण पाणी असो, धरणात किंवा रस्त्यात जाणारी जमीन असो, नाहीतर एखाद्या वस्तीला पाणवठ्यावर येऊ न देणं असो, अशा वेळी लोक आपल्या मागं कसे उभे करायचे? आणि उभे केलेले लोक सरकारदरबारी मोजले कसे जातील? हे बोलणं रेडिओवर झालं तेव्हा काही जणींनी मागाहून प्रश्न विचारले, म्हणून छापताना त्यात थोडी भर घातली आहे.

आधी दोन जुन्या गोष्टी सांगतो. दोन्ही आपल्या शेजारच्या आहेत. एक वेल्ह्याला लागून असलेल्या मुळशीची, दुसरी वरंध घाट उतरलं की लागणाऱ्या महाडची. दोन्हींत फक्त सहा वर्षांचं अंतर आहे. पण एकीचा शेवट एक झाला आणि दुसरीचा वेगळाच.

मुळशीत नीला आणि मुळा या नद्यांचा संगम आहे. तिथं टाटा कंपनीला धरण बांधायचं होतं, मुंबईच्या गिरण्यांना आणि रेल्वेला वीज पुरवण्यासाठी. पन्नासच्या आसपास गावं पाण्याखाली जाणार होती. खोऱ्यातली भातखाचरं, देवळं, घरं, सगळं. जमिनीचा रीतसर ताबा मिळण्याच्या आधीच कंपनीनं लोकांच्या शेतात चर खणायला सुरुवात केली. मावळातली माणसं चिडली. १६ एप्रिल १९२१ ला, रामनवमीच्या दिवशी, शेकडो मावळे धरणाच्या जागेवर जाऊन बसले. बायका होत्या, पोरंही होती. काम बंद पडलं. पांडुरंग महादेव बापट यांना ‘सेनापती’ हे नाव मिळालं ते याच लढ्यात. विनायकराव भुस्कुटे गावोगाव हिंडून लोकांना जागं करत होते. ‘जान किंवा जमीन’ ही घोषणा तिथलीच. काही महिने काम थांबलं, मग पुन्हा सुरू झालं, पुन्हा सत्याग्रह झाला, माणसं तुरुंगात गेली, त्यात बायकाही होत्या. धरणाविरुद्ध लोकांनी संघटित होऊन केलेल्या जगातल्या अगदी पहिल्या लढ्यांत मुळशीचं नाव घेतात.

एवढी माणसं, एवढी हिंमत, तरी धरण झालं. आज मुळशीचं पाणी घाटाखाली भिऱ्याला जाऊन वीज तयार करतं.

असं का झालं? कंपनी मोठी होती, सरकार इंग्रजांचं होतं, भूसंपादनाचा १८९४ चा कायदा त्यांच्या बाजूचा होता. हे सगळं खरंच. पण आणखी एक गोष्ट होती, आणि आमच्या मते आपल्याला शिकण्यासारखी तीच आहे. खोऱ्यातल्या बऱ्याच जमिनी गहाण पडल्या होत्या. जमीन कसणारा मावळा आणि कागदावरचा मालक हे दोघं वेगळे होते. मालक म्हणजे पुण्यातले सावकार आणि जमीनदार. मावळ्याला जमीन सोडायचीच नव्हती. सावकाराला मात्र मोबदला चांगला मिळाला की पुरे होतं. सुरुवातीला दोघं एकाच मांडवात बसले, पण भरपाईचा भाव ठरायला लागला तशी मांडवाला भेग पडली. नाव ज्याचं कागदावर, बोलणी त्याच्याशी झाली. घाम ज्याचा, त्याच्या हातात जमिनीचा कागदच नव्हता.

मैत्रिणींनो, हे वाचताना आपल्याला स्वतःचीच आठवण येत नाही का? रोप लावणं, खुरपणी, कापणी, मळणी, सगळ्यांत बाई. सातबाऱ्यावर बाई किती घरांत आहे? एकदा गटाच्या बैठकीत हाच प्रश्न आम्ही विचारला आणि हात वर करायला सांगितलं. वर आलेले हात मोजायला वेळ लागला नाही. शेतकरी संघटनेनं ‘लक्ष्मीमुक्ती’ची मोहीम काढली होती ती याच कारणासाठी, नवऱ्यानं आपणहून बायकोच्या नावावर थोडी जमीन करावी म्हणून. ज्या गावांनी ते केलं त्या गावांतल्या बायका आजही नशीबवान म्हणायच्या.

आता कायदा बदललेला आहे. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात असं आहे की खासगी कंपनीसाठी जमीन घ्यायची तर बाधित कुटुंबांपैकी ८० टक्के कुटुंबांची आधी संमती लागते, आणि सरकार व कंपनी यांच्या भागीदारीतला प्रकल्प असेल तर ७० टक्के. त्याला अपवाद आहेत, राज्यानं नंतर काही सवलतीही दिल्या आहेत, म्हणून आपल्या प्रकल्पाला नेमकं काय लागू आहे ते लेखी विचारून घ्यावं. पण याच कायद्यातली एक ओळ आम्हाला फार मोलाची वाटते. विधवा, घटस्फोटित आणि टाकलेली बाई हे वेगळं कुटुंब धरावं, असं त्यात म्हटलं आहे. म्हणजे दिराच्या नाहीतर भावाच्या सहीत तिची सही आली असं होत नाही. तिला स्वतंत्र विचारलं पाहिजे. आपल्या गावात अशा किती जणी आहेत त्यांची यादी गटाकडं असावी. प्रकल्प येईल तेव्हा बघू म्हणून चालत नाही, कारण प्रकल्प येतो तेव्हा सगळी धावपळ असते आणि पहिलं नाव गळतं ते अशाच बाईचं.

आता महाड. तिथली गोष्ट उलटी आहे. मुळशीत माणसं होती आणि कागद नव्हता. महाडात कागद आधी आला.

१९२३ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात सीताराम केशव बोले यांनी ठराव मांडला की सार्वजनिक विहिरी, तळी, धर्मशाळा, शाळा अस्पृश्य मानलेल्या लोकांना खुल्या असाव्यात. तो मंजूर झाला. पुढच्या वर्षी, १९२४ ला, महाडच्या नगरपालिकेनंही चवदार तळं सगळ्यांना खुलं केल्याचा ठराव केला. झालं का तळं खुलं? नाही. तीन वर्षं तो ठराव दप्तरात पडून होता. तळ्यावर पाऊल ठेवायची कोणाची छाती होत नव्हती, कारण एकट्यादुकट्यानं गेलं तर मार ठरलेला.

मग १९ आणि २० मार्च १९२७ ला महाडला परिषद भरली. तिची तयारी दोन महिने चालली होती. रामचंद्र बाबाजी मोरे आणि त्यांचे सोबती, महाडच्या नगरपालिकेचे सुरेंद्रनाथ टिपणीस, अनंतराव चित्रे अशी वेगवेगळ्या जातींची माणसं त्यात होती. कार्यकर्ते डोंगरदऱ्यांतून वाडी-वाडीवर फिरले. पंधरा वर्षांच्या पोरांपासून सत्तरीच्या म्हाताऱ्यांपर्यंत लोक लांबलांबून भाकरी बांधून आले. आणि ऐका, आलेल्या लोकांना प्यायला पाणी नव्हतं. परिषदेसाठी चाळीस रुपयांचं पाणी विकत घ्यावं लागलं, तेही अशा गावात जिथलं तळं कागदोपत्री त्यांचंच होतं! दुसऱ्या दिवशी डॉ. बाबासाहेब आंबेडकर पुढं आणि माणसं मागं, अशी मिरवणूक तळ्यावर गेली आणि सगळे पाणी प्याले.

त्यानंतर काय झालं तेही सांगितलं पाहिजे, कारण पाठिंब्याची खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी सुरू होते. देवळात शिरणार अशी अफवा उठवून लोकांना मारहाण झाली. १०८ घागरी शेण, गोमूत्र, दही घालून तळं ‘शुद्ध’ केलं गेलं. ऑगस्टमध्ये नगरपालिकेनं आपला ठराव मागं घेतला. डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह ठरला, तर काही जण कोर्टात गेले की तळं सार्वजनिक नाहीच, खासगी आहे, आणि मनाई हुकूम आणला. त्या वेळी परिषदेनं तळ्यावर जाणं थांबवलं आणि खटला लढवायचं ठरवलं. त्याच डिसेंबरात बाबासाहेबांनी बायकांची वेगळी सभा घेतली होती. खटला दहा वर्षं चालला. १७ मार्च १९३७ ला मुंबई हायकोर्टाचा निकाल आला, तळं खुलं राहिलं.

दोन महिने वाड्यावस्त्यांवर फिरणं, दोन दिवस परिषद आणि दहा वर्षं कोर्ट. आपण मोर्चाचा फोटो बघतो आणि लढा म्हणजे तेवढंच समजतो. फोटोच्या आधीचं फिरणं आणि नंतरचा चिवटपणा कोणत्याच फोटोत मावत नाही.

आता आपल्याकडं येऊ. आपल्या भोरला धरण काही नवं नाही. येळवंडीवरचं भाटघर इंग्रजांच्या काळातलं. पाणी खाली कालव्यांनी बारामती-फलटणकडं जातं आणि उन्हाळ्यात धरण आटलं की कांबरेश्वराचं देऊळ उघडं पडतं. ज्यांची गावं गेली त्यांना त्या वेळी विचारायची काही रीतच नव्हती. आज विचारायची रीत आहे. तिचं नाव ग्रामसभा. पण ती रीत कशी चालते याचं गणित माहीत नसेल तर ती असून नसल्यासारखी.

गणित असं. ग्रामसभेला एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा शंभर माणसं, यातला कमी आकडा असेल तेवढी हजेरी लागते. तेवढी माणसं आली नाहीत तर सभा तहकूब होते. आपण घरी म्हणतो, ‘बरं झालं, सभाच झाली नाही.’ खरी गोम पुढं आहे. तहकूब झालेली सभा पुन्हा भरते तेव्हा तिला हजेरीची अट नसते. दहा माणसांत ठराव होऊ शकतो आणि तो गावाचा ठराव ठरतो. म्हणून पहिल्या सभेला न जाणं म्हणजे दुसऱ्या सभेतल्या दहा जणांच्या हातात गाव देणं.

आणि ग्रामसभेच्या आधी महिलांची ग्रामसभा घ्यायची असते, ती कायद्यानंच घ्यायची असते, कोणाच्या मेहेरबानीनं नाही. बऱ्याच ठिकाणी ती रजिस्टरवरच होते. ग्रामपंचायतीचा माणूस घरोघर रजिस्टर फिरवतो आणि सह्या घेतो. आम्ही गटांना एकच सांगतो. सभेला जाऊन बसल्याशिवाय हजेरीवर सही करायची नाही, आणि सभेत ठराव लिहून वाचून दाखवल्याशिवाय उठायचं नाही. ग्रामसेवक म्हणतील, ‘मागाहून लिहितो.’ आपण म्हणायचं, ‘भाऊसाहेब, आम्ही थांबतो, लिहा.’ जोरात बोलायची गरज नाही. चाळीस बायका शांतपणे बसून राहिल्या की पेन आपोआप चालतं.

ग्रामसभेचा कागद किती लांब जाऊ शकतो, याचं एक उदाहरण ओडिशातलं आहे. नियमगिरीच्या डोंगरावर बॉक्साइटची खाण करायची होती. तिथले डोंगरिया कोंध लोक डोंगराला देव मानतात. २०१३ साली सुप्रीम कोर्टानं सांगितलं, तिथल्या ग्रामसभांना विचारा. बारा वस्त्यांत सभा झाल्या. वस्त्या लहान, काहींत मोजकीच घरं. बाराही सभांनी नाही म्हटलं आणि त्या डोंगरावर खाण झाली नाही. तिथं वनहक्काचा कायदा कामाला आला, आणि तो कायदा आपल्या डोंगरातल्या कातकरी आणि इतर वनहक्कदारांनाही लागू आहे, एवढं ध्यानात ठेवा.

मोठ्या प्रकल्पांना पर्यावरणाची जनसुनावणी असते, सगळ्यांना नसते पण बऱ्याच जणांना असते. तीस दिवस आधी जाहिरात द्यावी लागते, अहवालाचा सारांश मराठीत ठेवावा लागतो, सुनावणीचं चित्रीकरण होतं आणि अध्यक्ष जिल्हाधिकारी नाहीतर त्यांचा मोठा अधिकारी असतो. तिथं माईकवर बोलायला घाबरलात तरी हरकत नाही, लेखी हरकत देता येते आणि तिची पोच घ्यावी. पोच म्हणजे आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि सही. पोच नसलेला अर्ज म्हणजे वाऱ्यावर सोडलेला पतंग.

आता सह्यांचं. पाठिंबा मोजायचा कसा, हे बायकांनी सगळ्यांत चांगलं शिकवलं ते दारूबंदीच्या मतदानात. म्हणून त्यावर थोडं सविस्तर.

परवाना असलेलं दारूचं दुकान बंद करायचं तर २००८ च्या सरकारी आदेशाप्रमाणे गावातल्या २५ टक्के महिला मतदारांनी लेखी मागणी करायची. सह्यांची पडताळणी होते, म्हणून खोटी सही चालत नाही. मग गुप्त मतदान. मतपत्रिकेवर दोन चित्रं, उभी बाटली आणि आडवी बाटली. दुकान बंद हवं तर आडवी बाटली. ज्या बाईला अक्षर येत नाही तिलाही चित्र कळतं.

पण बंद व्हायला निम्म्याहून जास्त मतं लागतात ती एकूण महिला मतदारांच्या, आलेल्या बायकांच्या नव्हे. समजा, गावात ६०० महिला मतदार आहेत. ४०० जणी मतदानाला आल्या. २९० जणींनी आडवी केली, ११० जणींनी उभी. आपण ढोल वाजवायला जाणार, तर साहेब सांगतात, दुकान चालू राहणार. कारण ३०१ हव्या होत्या. ज्या २०० जणी घरी राहिल्या त्यांचं मत दुकानदाराला पडल्यासारखंच झालं.

मग त्या २०० कोण? आम्ही यादी घेऊन बसलो की ध्यानात येतं. काही वारलेल्या आहेत आणि नाव तसंच आहे. काही लेकी लग्न होऊन सासरी गेल्या, त्यांचं नाव माहेरी राहिलंय. काही पुण्याला कामाला, काही ऊसतोडीला. काही अंथरुणाला खिळलेल्या. म्हणजे यादी साफ केली नाही तर वारलेल्या आजींचं मतही दुकानाच्या बाजूनं धरलं जातं! म्हणून मागणीचा अर्ज देण्याच्या आधी मतदार यादीची प्रत घ्यायची आणि एकेक नावावर खूण करायची. वगळायची नावं असतील तर त्याचे अर्ज आधी भरायचे. सासरी गेलेल्या लेकीला तिकडं नाव लावायला सांगायचं. हे काम कंटाळवाणं आहे, त्यात घोषणा नाहीत, पण मतदान जिंकायचं ते इथंच.

हाच हिशेब कोणत्याही अर्जाला लावा. खाणीविरुद्ध ८० सह्या दिल्या म्हणण्यापेक्षा, ‘खाणीपासून अर्ध्या किलोमीटरवर ५२ घरं आहेत, त्यांतल्या ४९ घरांच्या सह्या आहेत, तीन घरं बंद आहेत’ असं लिहिलेला अर्ज टेबलावरून बाजूला सारणं अवघड जातं. सहीपुढं पूर्ण नाव, वस्ती, तारीख. प्रत्येक पानावर वर मागणी लिहिलेली, म्हणजे सह्यांचं पान दुसऱ्याच अर्जाला जोडता येणार नाही. मागणी एकच आणि नेमकी. ‘डोंगर वाचवा’ म्हटलं तर साहेब म्हणतात, आम्हीही डोंगर वाचवतोय. ‘रात्री सुरुंग बंद करा, खाणीला कोणी परवानगी दिली त्याची प्रत द्या, शाळेच्या वेळेत डंपर या रस्त्यानं नको’ असं असेल तर हो किंवा नाही म्हणावं लागतं. ही तीन वाक्यं तीन अर्जांत घाला, कारण तीन खाती वेगळी आहेत. परवानगीची प्रत माहिती अधिकारात मागायची. दहा रुपये फी, दारिद्र्यरेषेखालच्यांना तीही माफ, आणि तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

एक अवघड गोष्ट राहिली. ज्या घरचा ट्रॅक्टर खाणीवर चालतो त्या घरची बाई गटात आपल्या शेजारीच बसते. तिला काय म्हणायचं? गद्दार म्हटलं की संपलं, ती गेली आणि तिच्याबरोबर तिच्या जावा गेल्या. मुळशीत मांडव फाटला तो इथंच. तिच्या हप्त्याचा विचार आपल्या मागणीत असला पाहिजे. ती खाण बंद करा म्हणणार नाही, पण रात्रीचे सुरुंग बंद करा यावर ती सही करते, कारण तडे तिच्याही भिंतीला गेलेले असतात. आम्हाला अशी एक सही दहा घोषणांपेक्षा मोठी वाटते. काही जणींना हे पटत नाही, मिळमिळीत वाटतं. त्यांचंही म्हणणं खोटं नाही, सुरुंग दिवसा लागले तरी डोंगर संपतोच. यावर गटात भांडण होऊ द्या, पण ते अर्ज देण्याच्या आधी होऊ द्या.

आणि शेवटचं, वस्तीचं. आपल्याकडं गाव म्हणजे गावठाण समजायची सवय आहे. कातकरी वस्ती, धनगरवाडा, ओढ्यापलीकडची चार घरं, यांना निरोपच जात नाही, आणि मग ‘सगळं गाव एक आहे’ असं आपण अर्जात लिहितो. पाणी खराब झालं तर आधी ओढ्यावर अवलंबून असणाऱ्यांचं होतं, म्हणून त्यांची सही पहिली हवी. पण दिवाळी झाली की त्यांतली बरीच कुटुंबं वीटभट्टीवर जातात ती पावसाळ्याच्या तोंडालाच परत येतात. जानेवारीत सव्वीस तारखेच्या ग्रामसभेला त्यांनी यावं असं म्हणणं म्हणजे येऊच नका म्हणणं. त्यामुळं दोन ऑक्टोबरच्या सभेत जो विषय मांडायचा त्याची बैठक सप्टेंबरातच घ्यायची, त्यांच्या वस्तीवर जाऊन, संध्याकाळी सातनंतर, कामावरून माणसं आली की. बसायला चटई आपली न्यायची आणि अर्ज मोठ्यानं वाचून दाखवायचा, दोनदा.